नट बसतो कुठं?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू एवढी वर्षं इंग्लंडात आहेस, सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्यावर सगळेच बोलतात. मी चाकांवर बोलते. पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "बरं, पण वीस मिनिटांत आटप." तेव्हा आज विषय आहे जुन्या गाडीची चाकं. त्यात शाळा कुठं येते ते पुढं कळेलच.

आधी थोडी ओळख करून देते, कारण केस पांढरे झाल्यामुळं मघाशी तिघांनी मला ओळखलं नाही. मी १९९६ च्या दहावीची. तांत्रिक विषय घेतलेल्या आम्ही तीनच मुली होतो. डेपोतल्या फिटरची पोरगी म्हणून तुम्ही मला ओळखत होता. माझे आण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि त्यांच्या खाकी कपड्यांचा ग्रीसचा वास माझ्या दप्तराला लागायचा, त्यावरून तुमच्यापैकी काहींनी मला काय काय नावं ठेवली होती तीही मला पाठ आहेत. नावं ठेवणारे आज पहिल्या रांगेत बसलेत. असो. पुढं सांगलीला इंजिनिअरिंग, मग पुणे, आणि गेली सोळा वर्षं मी कोव्हेन्ट्रीला राहते.

कोव्हेन्ट्री हे मोटारींचं गाव. त्या भागात रविवारी सकाळी रस्त्यानं चालत निघालं की चार घरांमागं एका गॅरेजचं दार उघडं असतं आणि आतून कुणाचे तरी दोन पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसतात. मला त्या पायांचा हेवा वाटायचा. दिवसभर मी जे काम करते त्याला ना वास, ना वजन. संध्याकाळी हात धुवावे लागत नाहीत, हे तीस वर्षांपूर्वी मला मोठं सुख वाटलं असतं. चाळिशीत ते टोचायला लागलं.

म्हणून २०२१ साली मी एक गाडी घेतली. एमजीबी जीटी, १९७२ सालची. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी बनत होती. पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या. जीटी म्हणजे तिचा वर पक्कं छत आणि मागं उघडणारं दार असलेला प्रकार. तो १९६५ ला आला. १७९८ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन, मागं कमानपाटे. आण्णांना व्हिडिओ कॉलवर खालून गाडी दाखवली तर म्हणाले, "ही तर आपल्या एसटीची धाकटी बहीण." इतकी साधी. म्हणूनच ती माझ्यासारखीला घरी दुरुस्त करता येते.

गाडी स्वस्तात मिळाली, कारण ती चालत नव्हती. दोन हिवाळे मी आणि माझी मुलगी गॅरेजमध्ये बसलो. मुलगी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. ती नट डब्यात ठेवायची आणि डब्यावर चिठ्ठी लावायची. ब्रेक झाले, कार्ब्युरेटर झाले, वायरिंग झालं. राहिली चाकं.

गाडीला मूळची लोखंडी चाकं होती, त्यांना रोस्टाइल म्हणतात. रुबेरी ओवेन या कंपनीच्या नावातला 'रो' घेऊन ते नाव झालं. पत्रा दाबून केलेली, चांदी आणि काळा रंग दिलेली चाकं. माझी पार गंजली होती. शिवाय खरं सांगते, मला ती आवडत नव्हती. जुनी स्पोर्ट्स कार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं तारांची चाकं येतात, नाही तर आठ जाड आऱ्यांची मिनिलाइट, १९६० च्या दशकातल्या रॅलीच्या गाड्यांना असायची तशी. दोन वर्षं गंज खरवडल्यावर माणसाला शेवटी थोडं मिरवायचं असतं.

पहिल्यांदा तारांच्या चाकांचा विचार केला. दिसायला सुंदरच. पण माहिती काढत गेले तसा उत्साह ओसरत गेला. एका चाकाला साठ तारा. चार चाकांच्या दोनशे चाळीस, स्टेपनी धरून तीनशे. प्रत्येक तार सारखी ताणलेली हवी. ती तपासायची जुनी रीत म्हणजे छोट्या पान्यानं तारेवर टिचकी मारायची. ताणलेली तार खणकते, सैल झालेली बद्द वाजते. आपल्याकडं सायकलवाले हेच करतात. तारांची टोकं रिममधून आत येतात, त्यामुळं आत ट्यूब लागते. आणि हे चाक चार नटांवर बसतच नाही. हबला खाचा असतात, तशाच खाचा चाकाच्या तुंब्यात असतात, आणि मधोमध एकच मोठा नट. गाडीच्या डाव्या बाजूला त्याचे आटे उजवे आणि उजव्या बाजूला डावे, म्हणजे चालताना नट सुटायच्या ऐवजी आवळत राहावा. खाचा झिजल्या की गाडी पुढं-मागं करताना 'टक्' असा आवाज येतो. आणि झिजलेल्या हबवर नवं चाक चढवलं तर हब त्या नव्या चाकालाही खातो. म्हणजे चाकांबरोबर हबही नवे. त्यातून तारांच्या चाकांच्या एमजीबीचा मागचा ॲक्सलही कमी रुंदीचा असतो. माझी गाडी साध्या चाकांची. म्हणजे सगळंच बदलावं लागलं असतं. तो नाद सोडला.

मग मी तेच केलं जे माझ्या धंद्यातली माणसं करतात. आकडा शोधला, आकडा जुळला, मागवून टाकलं.

चाक विकत घेताना पहिला आकडा विचारतात तो पीसीडी. चार नटांच्या मध्यबिंदूंमधून एक वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास. एमजीबीचा आहे साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. चार नट असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर थेट मोजता येतं. पण हब मध्ये येत असेल तर शेजारशेजारच्या दोन भोकांतलं अंतर मोजायचं आणि त्याला दोनच्या वर्गमुळानं गुणायचं. चौरसाची बाजू आणि कर्ण. गणिताच्या बाई इथं आहेत. बाई, पायथागोरस कशाला लागणार आहे असं मी आठवीत तुम्हाला विचारलं होतं. तो ८०.८ ला १.४१४ नं गुणायला लागला. उशीर झाला, पण लागला.

तर ११४.३ हा आकडा कितीतरी जपानी गाड्यांचाही आहे. मला एका जपानी गाडीची जुनी ॲल्युमिनियमची चाकं टायरांसकट स्वस्तात मिळाली. पंधरा इंची, सात इंच रुंद. पीसीडी जुळला म्हणून मी खूश. घरी आणली, स्टडवर चढली. मी आण्णांना कॉल लावला, बघा म्हटलं. ते चष्मा चढवून बघत राहिले आणि म्हणाले, "फिरवून दाखव." फिरवलं. पुढचं चाक फिरलं. मागचं फिरेचना. आतली कड पाट्याला चिकटली होती.

कारण दुसरा आकडा मी बघितलाच नव्हता. त्याला ऑफसेट म्हणतात. चाक उभं चिरलं असं समजा. रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेघ काढा. चाकाचा जो भाग हबला टेकतो तो त्या रेघेपासून किती बाहेर आहे, तो ऑफसेट. हा आकडा जितका मोठा तितकं चाक गाडीच्या आत शिरतं. माझ्या मूळच्या चाकांचा ऑफसेट विशीच्या आसपास, रुंदी पाच इंच. नव्यांचा ३८, रुंदी सात इंच. रुंदी दोन इंचांनी वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक इंच, साधारण २५ मिलिमीटर. वर ऑफसेटचे सतरा-अठरा. आतली कड चार सेंटिमीटरच्या वर आत सरकली. एवढी जागा त्या गाडीत नाहीच. हा हिशोब दुसरीच्या मुलीला येतो. मी इंजिनिअर.

आणि तिसरा आकडा टायरचा. मूळचं टायर १६५ चं, चौदा इंची. त्याची पूर्ण उंची साधारण ६२० मिलिमीटर. त्या चाकांवर आलेलं टायर १९५, पन्नास, पंधरा. रिम मोठी, पण टायर बुटका, त्यामुळं पूर्ण उंची ५७६ च. चाक लहान झालं की तेवढंच अंतर जायला ते जास्त वेळा फिरतं. वेगाचा काटा ६५ दाखवतो तेव्हा गाडी खरी ६० नं चाललेली असते. आण्णा म्हणाले, "बरंय, दंड तरी व्हायचा नाही." आम्ही हसलो, चाकं विकून टाकली. इथपर्यंत ही गंमतच होती.

दुसऱ्यांदा मी सगळे आकडे लिहून काढले. पीसीडी, ऑफसेट, रुंदी, टायरची उंची. एक्सेलमध्ये तक्ता केला, रंग दिले. मिनिलाइटच्या धर्तीची आठ आऱ्यांची चाकं, चौदा इंची, साडेपाच रुंद, ऑफसेट योग्य. वापरलेली, पण चांगल्या स्थितीतली. आली, चढली, फिरली, कुठंही घासली नाहीत. गाडी अशी देखणी दिसायला लागली की मी रात्री दोनदा गॅरेजचा दिवा लावून बघून आले.

आण्णांना दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "नट बसतो कुठं, ते बघितलंस का?"

मी म्हटलं, "आण्णा, भोकात बसतो. अजून कुठं बसणार?"

ते म्हणाले, "तसं नव्हं. नटाचं तोंड आणि भोकाचं तोंड जुळतंय का?"

मी म्हटलं, "जुळतंय हो. टॉर्क रेंचनं आवळलंय, पुस्तकात आहे तेवढंच." आणि विषय बदलला. पंचाहत्तरीचा माणूस, एसटीतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झालेली, आणि मी एवढा तक्ता केलेला. माझ्या आवाजात ते होतं. त्यांना ते ऐकू आलं असणार, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी मी मुलीला घेऊन केनिलवर्थच्या रस्त्यानं निघाले. तिथं चालक गाडीत उजवीकडं बसतो, आपल्यासारखाच. ती माझ्या डावीकडं बसली होती. आठ-दहा मैल झाले असतील. ती म्हणाली, "आई, काहीतरी वाजतंय." मी म्हटलं, "पन्नास वर्षांची गाडी आहे, वाजायचीच." पुन्हा थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, माझ्या पायापाशी वाजतंय." मी म्हटलं, "पुढं थांबून बघू."

मित्रांनो, हे 'पुढं थांबून बघू' मला अजून रात्री ऐकू येतं.

मग स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. ताशी चाळीस मैलांचा वेग होता. मी ब्रेक न दाबता वेग सोडत सोडत गाडी कडेला गवतात घेतली. उतरून डावीकडं गेले. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट नव्हतेच. तिसरा मी दोन बोटांनी फिरवला. चौथ्यावर चाक लटकत होतं. भोकं गोल राहिली नव्हती, अंड्यासारखी लांबुळकी झाली होती. त्या चाकाच्या वर, दीड हातावर, माझी मुलगी बसली होती.

ती काही बोलली नाही. गाडी उचलून नेणारी गाडी येईपर्यंत आम्ही कुंपणाशी उभ्या राहिलो. तिनं माझा हात धरला नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मी तुला दोनदा सांगितलं होतं." बस्स. त्यानंतर आठ महिने ती त्या गाडीत बसली नाही, आणि गॅरेजमध्येही आली नाही.

झालं काय होतं? ते नीट सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी गाड्या आहेत आणि मुलं हौसेनं चाकं बदलतात.

आपल्याला वाटतं की गाडीचं वजन स्टड पेलतात. तसं नसतं. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळं चाक आणि हब यांच्यामध्ये जे घर्षण होतं, ते गाडीला पेलतं. दाब गेला की घर्षण गेलं, चाक सूतभर सरकायला लागतं, आणि मग बिचाऱ्या स्टडला प्रत्येक फेऱ्यात वाकावं लागतं. तार मागं-पुढं वाकवून तोडतात तसा तो तुटतो.

लोखंडी चाकांच्या नटाचं तोंड निमुळतं असतं, शंकूसारखं, आणि भोकालाही तशीच उतरती कड असते. शंकूत शंकू बसतो. माझ्या त्या नव्या चाकांची बैठक मात्र सपाट होती. तिला लांब नळीचे, खाली सपाट वॉशर असलेले नट लागतात. मी जुनेच निमुळते नट वापरले. आटे तेच, म्हणून ते छान चढले. पण शंकू सपाट भोकावर ठेवला तर तो कुठं टेकतो? फक्त भोकाच्या धारेवर, केसाएवढ्या गोल रेघेवर. मी टॉर्क रेंच लावला, त्यानं 'कट्' केलं, आकडा बरोबर आला. पण ॲल्युमिनियम मऊ. गाडी चालली तशी ती धार चेपत गेली, नटाखालची जागा मोकळी झाली आणि ताण नाहीसा झाला. रेंचनं खोटं सांगितलं नव्हतं. त्यानं फक्त मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

आमच्या धंद्यात हे रोज होतं. सगळ्या चाचण्या हिरव्या असतात आणि कार्यक्रम कोसळतो, कारण जी गोष्ट तपासायला हवी होती तिची चाचणीच कुणी लिहिलेली नसते. मी वीस वर्षं हे नव्या मुलांना शिकवते.

आणखी एक. इंग्लंडात गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. पण चाळीस वर्षांपेक्षा जुनी आणि फार फेरफार न केलेली गाडी असेल तर २०१८ पासून ती सक्तीची नाही. लोकांना ती सवलत वाटते. मलाही वाटायची. त्याचा अर्थ एवढाच की माझ्याशिवाय दुसरं कुणी बघणार नव्हतं. आणि एक माणूस बघत होता, सात हजार किलोमीटरवरून, फोनच्या काचेतून. त्याला मी गप्प बसवलं होतं.

आण्णांना सांगायला मला तीन दिवस लागले. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "पोरीला लागलं का?" नाही म्हटलं. मग बराच वेळ गप्प. आणि म्हणाले, "चूक माझीबी हाय. मी दुसऱ्यांदा विचारायला पायजे हुतं. डेपोत असतास तर गाडी सोडली नसती." एवढं बोलून त्यांनी फोन आईकडं दिला.

मला त्या वेळी आपल्या शाळेची कार्यशाळा आठवली. पत्र्याचं छप्पर, आठ शेगडे, त्यातले दोन मोडलेले. सरांनी लोखंडाचा एक तुकडा देऊन कानशीनं चौरस करायला सांगितला होता. मी गुण्या लावून दाखवला, म्हटलं सर, काटकोन आला. सरांनी तुकडा उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "गुण्या आणि लोखंडाच्या मधून उजेड येतोय. गुण्या लावला म्हणजे काटकोन झाला असं नसतं. टेकतोय कुठं ते बघायचं." सर, तुम्ही समोर बसलाय. तुम्हाला हे आठवत असेल असं नाही, असे तुकडे तुम्ही शेकड्यांनी बघितले असतील. तुमचा प्रश्न आणि आण्णांचा प्रश्न एकच होता. मी दोन्हीकडं उत्तीर्ण झाले होते आणि दोन्हीकडं शिकले नव्हते.

मग चाकांचं काय केलं? योग्य नट आणून तीन चाकं वापरता आली असती, चौथं दुसरं घेता आलं असतं. चाकांमध्ये दोष नव्हता, दोष माझ्यात होता. हे स्पष्ट सांगते, नाही तर तुम्ही ॲल्युमिनियमच्या चाकांना नावं ठेवाल. पण प्रश्न आता फक्त चाकांचा राहिला नव्हता. मी मुलीला म्हटलं, "तू ठरव. तुला पटेल ती चाकं. पण मोजून ठरवायचं." ती पहिल्यांदा नाही म्हणाली. नाताळच्या सुट्टीत एक दिवस आपण होऊन गॅरेजमध्ये आली. मी तिला व्हर्निअर कॅलिपर कसा धरायचा ते शिकवलं. लघुत्तम माप हा शब्द मला मराठीतच आठवला आणि तिला तो मराठीतच शिकवला.

तिनं तीन आठवडे घेतले. आजोबांना रोज संध्याकाळी कॉल करायची, म्हणजे त्यांची रात्र. शेवटी तिनं निवडली ती कोपऱ्यात पडलेली गंजकी रोस्टाइल चाकं. मी विचारलं, का? तिनं सांगितलं ते माझ्या एक्सेलच्या तक्त्यात नव्हतं. ती म्हणाली, "याचं सगळं आपल्याला माहीत आहे. ही चाकं, हे नट, हा आकडा, तिन्ही एकाच पुस्तकात आहेत. बाकीच्यांत आपण जुळवतोय."

मग काम सुरू झालं. पाचही चाकांचा रंग आणि गंज वाळूच्या मारानं उडवला. आण्णांनी सांगितलं, भोकांच्या भोवती भिंगातून बघा, तिथं केसासारखी चीर असते. एका चाकात सापडली. ते बाद, त्याच्या जागी दुसरं जुनं आणलं. मग चाक हबवर चढवून हळू फिरवायचं आणि रिमजवळ एक टोकदार सळई रोवून बघायचं, कड आत-बाहेर हलते का. रंग देताना आण्णांनी पुन्हा अडवलं: नट बसतो ती उतरती कड आणि हबला टेकते ती बाजू, तिथं रंगाचा थर नको. रंग नटाखाली चेपतो आणि पुन्हा तेच होतं. मुलीनं तिथं चिकटपट्टी गोल कापून लावली. वीस गोल. स्टडही चारी हबचे नवे घातले.

एमजीबीच्या नटांचा आकडा ६० ते ६५ फूट-पौंड आहे. आण्णांना तो समजेना. मुलीनं हिशोब करून सांगितलं, मीटरभर लांब पान्याच्या टोकाला साडेआठ किलोचं वजन टांगल्यासारखं. ते म्हणाले, "एवढंच? आमी तर पान्यावर पाइप घालून वर उभं ऱ्हायचो." ती म्हणाली, "आजोबा, ती एसटी होती."

गेल्या वर्षी जूनमध्ये एका सकाळी तिनं नट आवळले. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा. फोन फळीवर उभा केला होता. आण्णा पलीकडं डोळे मिटून ऐकत होते. सोळा वेळा 'कट्' वाजलं. मग ते म्हणाले, "चौथ्या चाकाचा दुसरा परत बघ." तिनं बघितला. तो बरोबरच होता. मी विचारलं, "आण्णा, तुम्हाला काय ऐकू आलं?" ते म्हणाले, "काय न्हाय. दुसऱ्यांदा विचारायचं, एवढंच."

ती गाडीत बसली. आम्ही ॲबिंग्डनला गेलो, जिथं ही गाडी १९७२ ला जन्मली. तिथला कारखाना १९८० मध्येच बंद झाला. वाटेत पन्नास किलोमीटरवर थांबून तिनं सगळे नट पुन्हा तपासले, कारण नव्यानं बसवलेलं चाक पहिल्या थोड्या अंतरात बसतं, तेव्हा ते तपासावंच लागतं. पेट्रोल पंपावर दोन म्हातारे गोरे थांबून बघत राहिले. एकानं मला विचारलं, "तुमची मुलगी नेहमी असं करते?" मी म्हटलं, "तिनं केल्याशिवाय मी गाडी हलवत नाही."

एवढी गोष्ट. आता मागणी. माइक हातात आलाय तर मागून घेते.

मघाशी आपण सगळे शाळा बघत फिरलो. कार्यशाळेची खोली आता अडगळीची झाली आहे. मोडके बाक, निवडणुकीची खोकी. माजी विद्यार्थी निधीतून संगणक आणि मोठा डिजिटल फळा घ्यायचा प्रस्ताव आहे. मी संगणकावरच पोट भरते, त्याला विरोध कशी करीन? पण माझं मत असं की त्यातला एक भाग या खोलीला द्यावा. सहा शेगडे, गुण्ये, कानशी, दहा व्हर्निअर, एक-दोन मायक्रोमीटर आणि एक टॉर्क रेंच. पडद्यावर मुलांना कुठलाही आकडा सापडेल. आकडा जुळला तरी वस्तू टेकत नाही, हे बोटांना कळायला लोखंड हातात घ्यावं लागतं. या सामानाचा निम्मा खर्च मी देते. उरलेला निम्मा पहिल्या रांगेनं द्यावा. मला ठेवलेल्या नावांची ती भरपाई समजा. आणि एक अट आहे: त्या खोलीत मुलींची संख्या तीनवर थांबता कामा नये.

आण्णा आज आलेत. शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी बसलेत. पुढं या म्हटलं तरी येणार नाहीत. गुडघ्यांमुळं आता त्यांचं इंग्लंडला येणं होईल असं वाटत नाही, म्हणजे त्यांनी तपासलेल्या गाडीत ते स्वतः कधी बसणार नाहीत. पण काल रात्री त्यांनी मला विचारलं, "भाषणाचे कागद नीट लावलेस का?" मी म्हटलं, लावलेत. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "परत बघ."

मी उठून परत बघितले. सातवं पान आठव्याच्या खाली गेलं होतं.